फरीदाबादहून लेकीला आणताना

दिवाळी संपली आणि अनघाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच; पण पोरगी दिल्लीकडून निघेना. शेवटी हिरवी साडी आणि डब्यात लाडू घेऊन मीच साताऱ्याहून निजामुद्दीनची थेट गाडी धरली. या दिवसांत जाणार असाल तर थ्री एसीचं तिकीट काढा, काच तरी बंद राहते, तिकडचा धूर आत येत नाही. गाडी दोन तास उशिरा पोचली. मथुरेनंतर सूर्य उगवला, त्याच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं.

स्टेशनाजवळच मेट्रो आहे, लाजपतनगरला बदलून फरीदाबाद. उतरेपर्यंत घसा खरवडून निघाला. लिफ्टमध्ये अनघाची शेजारीण म्हणाली, "आंटीजी, घूमने आई हो? इस मौसम में तो दुश्मन भी नहीं आता!"

घरात खिडक्या बंद, कोपऱ्यात हवा गाळायचं यंत्र घरघरत होतं. त्याच्या जाळीची किंमत ऐकून मी म्हटलं, "एवढ्यात महिन्याचा किराणा येईल."

जावई नितीनराव खोकत हसले. "किराणा परवडतो आई, डॉक्टर नाही परवडत."

जेवताना मी साताऱ्याला येण्याचा विषय काढला.

"रजा सहाच महिने मिळते, आई," अनघा खोकला आवरत म्हणाली. "आत्ता घेतली तर तेवढे आठवडे बाळापाशी कमी. बिनपगारी घेतली तर प्रमोशन गेलं. तूच सांग."

मी तिच्या पानात आणखी एक लाडू वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जरा ऊन दिसलं, तेव्हा आम्ही दोघी दिल्लीत आर. के. पुरमला गेलो; अनघाच्या बाबांची नोकरी होती तेव्हा आम्ही तिथेच राहायचो. आमच्या जुन्या क्वार्टरच्या गॅलरीत दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. समोरच्या बागेत बसलो.

"बाबा इथेच चालायचे ना?"

"मीच पाठवायचे. छाती भरलीय म्हणायचे, तर मी म्हणायचे, पहाटेची हवा घ्या, मोकळं वाटेल. हिवाळ्यात धूर पहाटेच खाली बसलेला असतो, हे मी ते गेल्यावर वाचलं. एकदा म्हणाले होते, आज नको गं. मी कानटोपी हातात दिली."

 अनघाने फोन काढला. "चलो, डॉक्टरांना विचारून तिकिटं काढते. दोन."

"आणि नितीनराव?"

"त्याची फॅक्टरी काय साताऱ्याला येणारे?"

आता ती इथे साताऱ्याला आहे. बिनपगारी रजा टाकली. अंगणात उन्हाला बसते, खोकला थांबलाय. संध्याकाळी नितीनरावांचा फोन येतो. जेवलास का, ती विचारते. तिकडून आधी खोकला येतो, मग 'हो'. मी स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेते. लेक आणली याचा पस्तावा नाही. पण नवऱ्याविना संध्याकाळ कशी जाते ते मला ठाऊक होतं, आणि तीच मी तिच्या पदरात टाकली.