वेंडेलचा बंपर आणि व्हर्नाचं तिसरं लग्न

वेंडेल स्ट्रॉमक्विस्टची उमेदीची सगळी वर्षं नेब्रास्कातले पूल तपासण्यात गेली. पूल बांधणारे वेगळे. वेंडेल त्यांच्या मागून हातोडी घेऊन जाणारा. बोल्टवर टकटक करायची, कान लावायचा आणि चेहरा पाडायचा. तो निवृत्त झाला तेव्हा पुलांची सुटका झाली आणि त्याची बायको आर्डिस तावडीत सापडली.

गेली कित्येक वर्षं दोघं थंडीत अ‍ॅरिझोनातल्या आमच्या पार्कात, म्हणजे मोटारहोमांच्या तळावर, मुक्कामाला येतात. त्यांचं मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर, एसटीपेक्षा थोडं लांब. एवढं घर घेऊन कुणी दूध आणायला जात नाही. म्हणून आम्हा सगळ्यांच्याच घरांमागे एक छोटी गाडी जोडलेली असते, म्हशीमागे रेडकू चालावं तशी. वेंडेलचं रेडकू म्हणजे एक लाल जीप.

या जीपने फेब्रुवारीत किराणा दुकानाबाहेरच्या खांबाला धडक दिली. वेंडेलच्या मते खांबच ओळीत नव्हता. दुसऱ्या दिवशी ओळंबा घेऊन तो खांब तपासून आला, आणि खांब खरोखर कललेला निघाला. तो धडकेआधी कलला होता की नंतर, हा प्रश्न आर्डिसने जेवताना काढला. 

जीपचा पुढचा बंपर फुटला होता. कारखान्यातून येतो तसला प्लास्टिकचा बंपर पुन्हा बसवणं वेंडेलला मंजूर नव्हतं. त्याने दुसरीकडून पोलादी बंपर मागवला. त्याला पुढे दोन जाडजूड कान होते. त्या कानांत मोटारहोमच्या मागे असतो त्या ओढदांड्याचे दोन हात पिनांनी अडकवायचे आणि जीप घरामागे निघाली. बंपर यायला उशीर झाला, आणि तो आला त्याच आठवड्यात व्हर्नाचं लग्न होतं.

व्हर्ना ही आर्डिसची धाकटी बहीण. तिचं हे तिसरं लग्न, शेजारच्या न्यू मेक्सिकोत, शनिवारी दुपारी. पहिलं लग्न लागलं तेव्हा वेंडेल गाडीच्या चाकांचे नट तपासत होता. दुसऱ्याच्या वेळी ब्रेक.

"या वेळी शुक्रवारी सकाळी निघायचं," आर्डिस म्हणाली. "बंपर बसो न बसो."

"बंपर नसेल तर जीप जोडायची कशाला? तुझ्या वेणीला?"

"वेंडेल, व्हर्ना एकाहत्तर वर्षांची आहे. चौथ्या लग्नाची वाट बघायला माझ्याकडे वेळ नाही."

बुधवारी वेंडेलने खोकं फोडलं. आमच्याकडे रिवाज असा, की कुणी गाडीखाली शिरला की बाकीच्यांनी आपापली घडीची खुर्ची घेऊन यायचं. मदत करायची नसते. मत द्यायचं असतं. पहिला आला मर्ल, निवृत्त दंतवैद्य. त्याच्या मागून गस, जो आयुष्यभर शाळेत बँड शिकवत होता. मीही खुर्ची घेऊन गेलो, कारण न जाणं वाईट दिसतं.

"डावी बाजू खाली आहे," गस म्हणाला.

"तू डावीकडे बसलायस म्हणून," गाडीखालून आवाज आला.

"बोल्ट अजून थोडा पिळ," मर्ल म्हणाला. "दुखलं तर जीप हात वर करेल."

संध्याकाळपर्यंत बंपर बसला. देखणा दिसत होता. बुलडॉगला नवी कवळी बसवावी तसा. वेंडेलने हातोडी घेतली, एकेका बोल्टवर टकटक केली आणि चौथ्यापाशी थांबला. चेहरा पडला.

"हा वेगळा वाजतोय."

"वाजू दे की," गस म्हणाला. "मी तीस वर्षं पोरांच्या तुताऱ्या ऐकल्या. कुणी मेलं नाही."

गुरुवारी बंपर पूर्ण उतरला आणि पुन्हा चढला. आर्डिस लग्नाचा निळा झगा इस्त्री करून हँगरला लावत होती. तिने खिडकीतून एकदा बघितलं आणि झगा मोटारहोमच्या कपाटात न ठेवता जीपच्या मागच्या सीटवर टांगला. वेंडेलच्या हे लक्षात आलं नाही, कारण झग्याला बोल्ट नव्हते.

शुक्रवारी सकाळी मात्र नवल घडलं. जीप जोडली गेली, पिना बसल्या, दिवे लागले, आणि ते ठरल्या वेळी निघाले. आम्ही हात हलवले. वेंडेलच्या समोर एक छोटा पडदा आहे. मागच्या कॅमेऱ्यात ओढली जाणारी गाडी त्यावर दिसते. आता त्यात फक्त बंपर दिसत होता, काळाभोर, सरळ, ओळीत. माणूस स्वतःच्या हातच्या कामाकडे बघतो तेव्हा रस्त्याकडे बघत नाही. फाटकाचं वळण उजवीकडे राहिलं आणि एवढं मोठं घर जीपसकट धोबीखान्याच्या बोळात शिरलं. बोळ धोबीखान्याशी संपतो.

आमच्यात हे नवशिक्यालाही ठाऊक असतं: मागे चारही चाकांवर गाडी जोडलेली असेल तर उलटं जाता येत नाही. गेलात तर मागच्या गाडीची चाकं भलतीकडे वळतात आणि ओढदांडा वाकतो. म्हणजे आधी गाडी सोडवायची. वेंडेल पिना काढायला गेला, पण घर वळणावर तिरकं थांबलेलं, दांड्याचे हात ताणलेले. पिना हलेनात.

आम्ही खुर्च्या घेऊन पोचलो.

"कानांची भोकं चुकली असणार," वेंडेल म्हणाला आणि पाने काढायला लागला.

"काय करतोयस?" आर्डिस खाली उतरली.

"बंपर उतरवतोय. मग पिना बाहेरून ठोकतो. दुपारपर्यंत होईल."

आर्डिस वळून मागे गेली. जीपमध्ये बसली, इंजिन चालू केलं, गिअर टाकला, स्टिअरिंग किंचित फिरवलं आणि जीप वीतभर पुढे घेतली. ताण गेला. पहिली पीन वेंडेलच्या बोटांत अलगद आली, मग दुसरी. ओढदांडा मोटारहोमच्या मागे घडी होऊन गप्प बसला.

"बघितलंस?" वेंडेल खुशीत म्हणाला. "बंपरमध्ये दोष नाही."

"नाही," आर्डिस खिडकीतून म्हणाली. "मी पुढे होते. तू ये सावकाश."

"पुढे म्हणजे? जीप परत जोडायची आहे. नंतर बोल्ट एकदा—"

"कान आहेत ना बंपरला? मग सांग त्यालाच, टकटक करून."

जीप मागे सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. मागच्या सीटवर निळा झगा डुलत होता.

वेंडेल हातात दोन पिना घेऊन उभा राहिला. आमच्यापैकी कुणालाच मत सुचेना. आमच्या पार्कात असं सहसा होत नाही.

शेवटी मर्ल म्हणाला, "अरे बाबा, जा. तिला लग्नात एकटी पाडू नकोस."

घर उलटं बाहेर काढताना बायकोने मागे उभं राहून हात दाखवायचे असतात. बायको हायवेवर होती. मग आम्ही तिघांनी हात दाखवले, प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे. गस तर बँडला दाखवतो तसे. वेंडेलने कचऱ्याचा डबा आडवा केला, कपडे वाळत घालायची दोरी सोबत घेतली आणि फाटकाबाहेर पडला. काय पडलं, काय तुटलं, हे बघायला तो उतरला नाही.

रविवारी आर्डिसचा फोन आला. वेंडेल शपथा चालू असताना चर्चमध्ये शिरला म्हणे, ग्रीसच्या हातांनी, आणि मागच्या बाकावर टोपी काढून बसला. नंतर नवरदेवाशी अर्धा तास बोलला.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"त्याच्याकडेही मोटारहोम आहे," आर्डिस म्हणाली. "थांब, फोन ठेवते. दोघंही गाडीखाली आहेत आणि व्हर्नाला केक कापायला नवरा हवाय. लग्नाचा केक काल कापून झाला. हा सकाळच्या नाश्त्याचा आहे."