पहिल्या गिअरातली सफारी

पहिल्या गिअरात अख्खं आयुष्य पार करता येतं, असं मानणारे जगात एकच गृहस्थ आहेत आणि ते माझे मावसाजी आहेत. पवनीत त्यांचं कापडाचं दुकान. साठीनंतर ते गाडी चालवायला शिकले, ते केवळ सारस पाहण्यासाठी. अड्याळला, मावशीच्या माहेरी, तिच्या लहानपणी धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, सारसांची जोडी उतरायची. आता आमच्याकडे सारस दिसणं म्हणजे नशीबच. त्यात मावशीचे गुडघे गेले, बांधावरून चालणं संपलं. म्हणून मावसाजींनी जुनी गाडी घेतली. "हिले ते जोडी दाखवल्याबिगर मी स्टेअरिंग सोडत नाही, बाबू!"

या भटकंतीला ते 'सफारी' म्हणतात आणि तिचे नियम कडक आहेत. पक्षी दचकतात म्हणून हॉर्नची तार त्यांनी स्वतःच तोडली. आता भर बाजारात गाडी म्हशीमागं अडते आणि मावसाजी खिडकीतून तिला "सरक ना माय" अशी विनवणी करतात. गाडी धुवायची नाही, चिखलाचा रंग पक्ष्यांना आपला वाटतो म्हणे. आणि गिअर फक्त पहिला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी घ्यायला नागपूरला मला मावसाजींनीच नेलं. वाटेतल्या प्रत्येक तळ्यावर थांबत पोहोचलो, तेव्हा मंडपवाले खुर्च्या उचलत होते. पण मला असं मिरवत नेणारं दुसरं होतं तरी कोण?

एकदा अर्धी सकाळ ते श्वास रोखून एका सारसावर दुर्बीण लावून बसले. शेवटी मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "तुमच्या सारसावर युरिया लिवलं हाये जी." बांधावरच्या काठीला अडकवलेलं पोतं होतं ते!

त्या धसक्यानं, गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या शेजारी बसलो असताना अड्याळजवळच्या तळ्याकाठी काहीतरी करडं दिसलं, तेव्हा मावसाजी थांबलेच नाहीत. "पोतंच असन."

"थांबवा जी!" मावशी ओरडली.

पोत्यानं लाल मान वर केली. शेजारी दुसरी मान उठली. दोघांनी मिळून अशी हाक दिली की गाडीच्या काचा थरथरल्या. दुर्बीण मावसाजींच्या मांडीवर तशीच पडून होती. ते मागं वळून मावशीकडेच पाहत होते.

"आमच्या बांधीतलेच असतीन का जी?" तिनं हळूच विचारलं.

"मंग! दुसरे कोन येतीन?"

परतताना मावसाजींनी जन्मात पहिल्यांदा दुसरा गिअर टाकला. आता पाहायचं काय उरलं होतं? गाडीनं जरा वेग घेतला, तोच मागून आवाज आला, "हळू चालवा ना जी. एखादं पिल्लूबी असन त्यायचं."

मावसाजींनी मुकाट्यानं पुन्हा पहिला गिअर टाकला. मी माझ्या बाजूची काच खाली केली आणि पिल्लू शोधू लागलो.