कुठले श्टाइनबाख?

जर्मन आडनावांचा माझ्या व्याह्यांइतका कडवा कैवारी खुद्द जर्मनीतही सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. एका जर्मन कंपनीच्या दुबईतील कचेरीत त्यांची उभी हयात गेली. आता ते मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे, दुबई-शारजाच्या सीमेवरच्या अल नहदाला राहतात. पण आडनावांची राखण काही सुटलेली नाही. म्यूलर म्हणजे पिठाची गिरणीवाला, शुल्त्स म्हणजे गावचा पाटील, हे ते लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही ऐकवतात. दुबईच्या करामा भागातील दवाखान्यात एकदा परिचारिकेने ‘मिस्टर झिमरमन’ असा पुकारा केला, तर रुग्णाआधी हेच उठले. ‘‘त्सिमरमान! म्हणजे सुतार!’’ तो गृहस्थ कंटाळून म्हणाला, ‘‘झिमरमन इज फाइन, हबीबी.’’ व्याही माझ्याकडे वळले. ‘‘ह्यांना चालेल हो. मला नाही चालत!’’

आमच्या नातीने श्टाइनबाखर आडनावाचा मुलगा पसंत केला आणि आजोबा हो म्हणाल्याशिवाय साखरपुडा नाही, असे जाहीर केले. आजोबा म्हणजे ते. माझा होकार परस्पर गृहीत धरण्यात आला होता, याचा मला अजून राग आहे.

पुढची हकीकत आमच्या नात्यात भलतीच सांगितली जाते. नात रडली म्हणून व्याही विरघळले, असे माझी मुलगी म्हणते. त्या श्टाइनबाखरने त्यांची स्तुती केली, असे जावई. दोन्ही सपशेल खोटे. मी समोरच्या खुर्चीत होतो.

मुलगा घरी भेटायला आला तेव्हा व्याह्यांनी त्याला जर्मनमध्ये विचारले, की श्टाइनबाखर म्हणजे श्टाइनबाखचा, श्टाइनबाख म्हणजे खडकाळ ओढा, त्या नावाची गावे तिकडे पैशाला पासरी; तुमचे नेमके कुठले? मुलगा म्हणाला, ठाऊक नाही.

‘‘ऐकलंत, व्याहीबुवा? ज्याला स्वतःचं गाव ठाऊक नाही, त्याच्या घरात पोर द्यायची कशी?’’

नात शांतपणे म्हणाली, ‘‘अँड व्हॉट अबाउट अस, आजोबा? विच पिंपळगाव?’’

व्याह्यांचे आडनाव पिंपळगावकर. महाराष्ट्रातली पिंपळगावे मोजणारा अजून जन्माला यायचा आहे. त्यांनी खिडकीतून शारजाच्या रस्त्यावर तुंबलेल्या गाड्यांकडे पाहिले. ‘‘वडिलांना विचारायचं राहिलं,’’ एवढेच म्हणाले. मग बशी मुलापुढे सरकवून, जर्मन सोडून, चक्क मराठीत: ‘‘घे. पोहे घे.’’

होकार तो हाच. डोळ्यांत पाणी कोणाच्याही नव्हते.

हल्ली तो मुलगा आला की दोघे नकाशा उघडून बसतात. एक श्टाइनबाख, एक पिंपळगाव. ‘‘हे असेल का हो?’’ व्याही मला विचारतात. ‘‘इथे नदी दिसतेय. आई नदीचं काहीतरी बोलायची.’’

दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढल्याशिवाय मला अन्न पचत नाही. तरी मी म्हणतो, ‘‘असेल.’’