विहारातल्या इंग्रजीच्या वर्गात ‘डाऊन’

मित्रांनो, आज आमच्या बुद्धविहारात बायांना इंग्रजी शिकवण्याचा माझा पहिला दिवस होता. मी स्वतः मॅट्रिकला इंग्रजीतच नापास.

‘एकच छोटा शब्द वेगवेगळी कामे करतो,’ असे फळ्यावर लिहिले आणि नेमके उदाहरणच आठवेना.

तेव्हा रेल्वेने नागभीडला जाऊन भाजी विकणाऱ्या कौसल्याबाई म्हणाल्या, “घाबरून काऊन राह्यले, मास्तर? आमी रोज अपडाऊन करतो. आज डाऊन गाडी लेट होती. अन् तुमचं तोंड तं पुरंच डाऊन हाये!”

सगळ्या हसल्या, मीही हसलो. ‘डाऊन’ची ती तिन्ही वाक्ये फळ्यावर लिहिली.

तुमच्या घरी असा कोणता शब्द राबतो? सांगा, उद्या वर्गात लागेल. बाया येणार आहेत. आणि मला पहिल्यांदाच कोणी मास्तर म्हटले.