टाळूवरचं तेल

हरतालिकेची पूजा आटोपून द्वारकाबाई देवघराच्या भिंतीला टेकतात तेव्हा दुपार कलंडलेली असते. व्रत निर्जळी, जीभ चामड्यासारखी झालेली. आतल्या खोलीत आठ महिन्यांची नात ओवी कण्हते आहे. कालपासून जुलाब. सून तेजल गावच्या आरोग्यसेविका आशाताईंकडून जलसंजीवनीची पुडी घेऊन आली होती.

"आई, थोडं थोडं पाजू का?"

"पाणी पाजलं की पाण्यासारखंच होतं गं. आतडं कोरडं पडू दे, आपसूक थांबेल," असं नेहमीच्या हळू आवाजात सांगून द्वारकाबाईंनी पुडी देवामागे ठेवून दिली. पोरीची टाळू खोल गेलेली दिसली, म्हणून वर तेल थापलं. आता पापण्या जड होतात. समईच्या एका वातीच्या दोन होतात, मग एकही राहत नाही.

द्वारकाबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या आहेत. समोर डॉक्टर खांबेटे. त्यांना जाऊन चार पावसाळे झाले. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, आणि सगळ्या आया त्यांच्या जिभेखालून.

"या, द्वारकाबाई. आज कोणाला वाळत घातलंय?"

"नात आहे. टाळू बसलीय. तेल भरलं मी."

"कुठलं?"

"घाण्याचं. चांगलं आहे."

"चांगलंच असणार. उरलं तर पणतीत घाला."

बाक वाळूत रुतलेलं आहे. ही तर नदी, जिथून त्यांनी काल पूजेची वाळू आणली. भाद्रपदातली नदी, आणि थेंब नाही. डॉक्टर तेलाचा डबा पुढे करतात.

"ओता. नदी खोल गेलीय, भरा."

त्या ओततात. वाळू चकाकते, नदी काही चढत नाही. तेलाखाली एवढंसं तोंड उघडतं, मिटतं.

"अजून ओता. तुमची श्रद्धा दांडगी."

"डॉक्टर, असं नका बोलू."

"मग कसं बोलू? गोठ्यातल्या पाडीला जुलाब झाले तर पुढ्यातली पाण्याची बादली काढून घेता?"

"नाही."

"पाडी नशिबाची. तिला आजी नाही."

द्वारकाबाई पदर तोंडाला लावतात. "देवावर भरवसा ठेवला मी."

"देवाला मध्ये घेऊ नका. त्याला रोज पळीनं पाणी घालता. तुळशीला तांब्याभर. दारी आलेल्या भटक्या कुत्र्याला वाटीभर. जीभ काढा बघू."

त्या काढतात.

"कशी झालीय?"

"चामड्यासारखी."

"तुम्ही व्रत धरलंय. तिनं कुठलं धरलंय?"

वारा पडलेला. ते एवढंसं तोंड आता उघडतं, आणि मिटायला फार वेळ घेतं.

"किती पाजू?" द्वारकाबाई विचारतात.

"चमचा चमचा. ओकली तर जरा थांबून पुन्हा. आईचं दूध तोडायचं नाही. पण टाळू बसेस्तोवर वाट पाहिलीत, आता मेलेल्या डॉक्टरला काय विचारता? जिवंत गाठा." ते तोंड फिरवतात, जणू अशा बायकांनी त्यांना मरूनही उसंत दिली नाही. फिरताफिरता द्वारकाबाईंच्या तळव्यावर गार काहीतरी टेकवतात. "तेवढ्या वाटेतही पाजत जा."

द्वारकाबाईंना जाग येते. मूठ घट्ट आवळलेली आहे. त्या उघडतात. आत तांब्याची पळी. पूजेनंतर त्यांनी ती स्वतः पुसून ताम्हणात पालथी घातली होती. आता ती ओली आहे, आणि तिच्यातला एक थेंब गुडघ्यावर पडतो.

"तेजल," त्या हाक मारतात, आणि त्यांचा आवाज शेजारच्या अंगणापर्यंत जातो. "रिक्षा बोलाव. आणि उकळलेलं पाणी गार करायला—"

तेजल दारात उभीच असते, गार केलेलं पाणी हातात धरून. सकाळपासून.

द्वारकाबाई देवामागची पुडी काढतात, तेजल ती पाण्यात विरघळवते. पळी ओवीच्या ओठांना लागते. एवढंसं तोंड उघडतं, मिटतं, आणि पळी सोडत नाही.