मावशीच्या ओटीतला नारळ

कुसगावच्या आमच्या हॉटेलची जीप चालवणारे भाऊ परदेशी पाहुण्यांशीही मराठीच बोलतात, फक्त सावकाश आणि मोठ्यानं. एका वयस्कर जर्मन पाहुणीला ते मावशी म्हणायचे. सुट्टी संपवून ती विमानाला निघाली, तेव्हा भाऊंनी बायकोला आणून मावशीची ओटी भरवली.

"विमानात नारळ नेऊ देत नाहीत, भाऊ," मी म्हणालो. घरातला पहिला पदवीधर मी. नियम सांगायची हौस दांडगी.

"का? नारळानं इमान पडतंय व्हय?"

मी मावशीलाही इंग्रजीत सांगितलं, पण ती नारळ सोडेना. भाऊंनी तो हळूच मागून घेतला, पायरीवर फोडला आणि तिच्या हातावर खोबरं ठेवलं. "खा मावशी! पोटातलं कोन काढून घेतंय?"

मावशी तिथंच बसून डोळे पुसत खात राहिली. वेळेचे इतके पक्के भाऊ, पण एकदाही 'चला' म्हणाले नाहीत.