एक बोल्ट जास्त

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला घरी आलो होतो, तेव्हाचं हे आहे. आमच्या घरात हे इतक्या वेळा सांगितलं जातं की एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला तशी काही बाजूच नाही.

आमच्यात माझ्याआधी बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. कॉलेज सांगलीत, विश्रामबागेजवळ, आणि गाव कुंडलच्या अलीकडे. मी घरी आलो की आई शेजारच्या काकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "इंजिनिअर आला." मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. तोवर माझ्या हाताने झालेलं एकमेव काम म्हणजे वर्कशॉपमध्ये कानशीने घासलेला लोखंडाचा चौकोनी तुकडा. तोही तीन बाजूंनीच चौकोनी होता.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. ते लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पिकअप घेतली, चारही चाकांना ताकद जाणारी. रानातल्या चिखलातून इतर टेम्पो माघारी फिरतात तिथून ती निघते. त्या पावसाळ्यात ओढ्याच्या फुटलेल्या मोरीवर ती आपटली आणि पुढचा अ‍ॅक्सल वाकला. पुढच्या दोन चाकांना जोडणारा हा आडवा लोखंडी सांगाडा. त्याच्या पोटात गिअर असतात आणि गिअर तेलात बुडालेले असतात. वाकलेला सरळ होत नाही, अख्खा बदलावा लागतो. आप्पांनी फलटणच्या एका भंगारवाल्याकडून तसाच दुसरा शोधून आणला.

घाई आईची होती. तिने त्या वर्षी परड्यात शेडनेट उभारून उसाची रोपं केली होती आणि तिला पहिलीच ऑर्डर मिळाली होती, चार हजार रोपांची. ज्यांनी मागितली त्यांचं रान ओढ्यापलीकडे, वाट सगळी काळ्या मातीची. आमच्या गाडीशिवाय तिथं दुसरं काही जाणार नव्हतं. सऱ्या तयार होत्या, शुक्रवारी सकाळी उसाची लागण ठरली होती. त्यापुढं रोपं राहिली असती तर मुळ्या ट्रेमध्ये गुंतल्या असत्या आणि त्या शेतकऱ्याने दुसरीकडून रोपं आणली असती. आई रोज दोनदा ट्रे उचलून खालून मुळ्या बघायची आणि मग गाडीकडे बघायची.

काकांनी मेस्त्री बोलवायला सांगितलं. आप्पा म्हणाले, "मेस्त्री कशाला? घरात इंजिनिअर हाय की."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "त्येच म्हंतोय मी."

आप्पांची काम करायची पद्धत लष्करी. खोललेला प्रत्येक बोल्ट गोणपाटावर रांगेत मांडायचा, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. मग मोजून आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. काम संपलं की गोणपाट रिकामं पाहिजे. एक शिल्लक नको आणि एक गैरहजर नको. याला ते हजेरी म्हणतात. लहानपणी सायकलचं पंक्चर काढतानाही आमच्याकडे हजेरी व्हायची.

मंगळवारी आम्ही गाडीचं तोंड जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. चाकं, ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे दांडे, स्प्रिंगच्या पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट, सगळं सुटं केलं. भिंतीवर आकडा पडला, शेहेचाळीस. आप्पा गाडीखाली आणि मी पाना देणारा. सतराचा मागितला की मी एकोणीसचा द्यायचो. दोनदा तसं झाल्यावर आप्पा नुसता हात बाहेर काढायचे आणि काका पाना द्यायचे.

दुपारी आप्पा जेवायला गेले तेव्हा मी फलटणचा अ‍ॅक्सल घासून साफ करत होतो. वरच्या अंगाला मला एक छोटं भोक दिसलं. आत आटे होते, पण बोल्ट नव्हता. हजेरीत वाढलेल्या मुलाला रिकामं भोक म्हणजे गैरहजर बोल्ट. मला फार आनंद झाला. भंगारवाल्याला दिसलं नाही, आप्पांना दिसलं नाही, ते मला दिसलं होतं. आप्पांच्या डब्यातून मापाचा बोल्ट शोधला, त्याला टेप गुंडाळली आणि आवळला. वरून लाल रंगाचा हात मारला. कुणाला सांगितलं नाही. निदान एक गोष्ट तरी न विचारता केली असावी, असं मला वाटत होतं.

संध्याकाळी चौघा शेजाऱ्यांनी हात लावला आणि अ‍ॅक्सल चढला. बुधवारी दुपारपर्यंत सगळं आवळून झालं. गोणपाट रिकामं. "हजेरी बरोबर," आप्पा म्हणाले आणि पुढच्या चाकासमोर नारळ फोडला.

कुंडलपर्यंत जाऊन माघारी आलो तर तेल आत अडवणाऱ्या मधल्या रबरी सीलमधून तेल ठिबकत होतं. मी लगेच कागद घेतला. सीलची आकृती काढली, रबर जुनं झालं की तेल कसं बाहेर येतं ते बाण दाखवून समजावलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी माझं इतकं लक्षपूर्वक ऐकण्याची ती पहिलीच वेळ असावी. गुरुवारी सकाळी ते एसटीने सांगलीला गेले, नवं सील आणलं, बसवलं. चार वाजता परत कुंडलची फेरी मारली. नव्या सीलमधूनही तेल आलं, आणि आता एका चाकाच्या आतूनही.

आप्पा हात पुसत राहिले. आई शेडनेटमधून बाहेर आली.

"आवं, जमणार न्हाई आसं वाटत आसंल तर आत्ताच सांगा. त्यास्नी फोन तरी करते."

"तेल संपलं की गिअर जळत्यात," आप्पा म्हणाले. "भरल्या गाडीनं चिखलात जाऊन बंद पडलो तर रोपं बी गेली आन गाडी बी."

आई फोन आणायला आत गेली. मी काढून टाकलेल्या जुन्या अ‍ॅक्सलवर बसलो. दोन दिवस मी त्याचा बाक केला होता आणि दोन दिवस मला मांडीला काहीतरी टोचत होतं. आता उठून बघितलं. बोटाच्या पेराएवढी नळी, वर हलणारी टोपी. आणि ती नेमकी त्या जागी होती जिथं मी फलटणच्या अ‍ॅक्सलला बोल्ट मारला होता.

तिला ब्रीदर म्हणतात. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती त्या भोकातून बाहेर पडते. भोक बंद केलं तर हवा सीलमधून वाट काढते आणि तेल सोबत नेते. हे मी महिन्याभरापूर्वी परीक्षेत चार मार्कांना लिहिलं होतं, आकृतीसह.

गप्प बसावं असंही क्षणभर मनात आलं. पण आतून आईच्या फोनची बटणं वाजत होती.

"आप्पा," मी म्हणालो, "हजेरीत एक बोल्ट जास्त हाय."

"कुटला?"

मी गाडीखाली बोट दाखवलं. आप्पा आत सरकले, लाल रंग खरवडला, पाना मागितला. मी बरोबर तेराचा दिला. बोल्ट सैल होताच गाडी फुस्स करून बराच वेळ श्वास सोडत राहिली. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "गड्या, दोन दिस कोंडून धरलंवतं की तिला."

"कुणी लावला हा?" आप्पांनी गाडीखालूनच विचारलं. त्यांना माहीत होतं. मला सांगायला लावायचं होतं.

"मी. भोक रिकामं दिसलं म्हणून."

बोल्ट गाडीखालून बाहेर घरंगळत आला. मग ते म्हणाले, "फोन ठेवाय सांग तुज्या आईला."

जुन्यावरचा ब्रीदर काढून नव्याला बसवला, तेल भरलं, अंधार पडायच्या आत तिसऱ्यांदा कुंडल झालं. खाली कागद पसरून ठेवला होता. तो कोरा राहिला.

शुक्रवारी सकाळी ट्रे भरून निघालो. आई मध्ये, मी कडेला. ओढ्यापलीकडे चाकं निम्मी बुडाली तेव्हा आप्पांनी पुढच्या चाकांना ताकद देणारा छोटा गिअर पुढे ओढला आणि पुढची चाकं चिखल ओरबाडत वर आली. मागे एकही ट्रे कलंडला नाही. शेतकऱ्याने एक रोप उपटून मूळ बघितलं आणि म्हणाला, "वैनी, दिवाळीनंतरच्या लागणीला बी तुमचीच धरा." आई नुसती मान हलवून ट्रे उतरवू लागली. माघारी येताना मात्र ती अर्ध्या वाटेपर्यंत एकटीच हसत होती.

तो बोल्ट आप्पांनी डब्यात टाकला. भिंतीवर मात्र शेहेचाळीसच्या पुढे अधिक एक असं लिहिलं, आणि ते अजून पुसलेलं नाही. रोपं न्यायला आलेलं कुणी विचारतं, हा कसला हिशोब. आई ट्रे मोजता मोजता सांगते, "शेहेचाळीस गाडीचे. एक आमच्या इंजिनिअरचा."